सुक्या दगडाच्या विहिरीनं पोट काढलंय, मॉडेल काही जुळंना (घर्षण, कॉन्टॅक्ट आणि काळी माती)

एरेमाती:
नमस्कार. सदलग्याच्या अलीकडं, दूधगंगेपासून अर्ध्या मैलावर आमचा मळा आहे. तिथं आजोबांच्या वेळची मोटेची विहीर आहे, चौकोनी, वीस फूट बाय पंचवीस, खोली बत्तीस फूट, धाव अजून शाबूत आहे, थारोळं तेवढं मोडलंय. वरचे पंधरा-सोळा फूट काळी माती, खाली मुरूम, तळाला कच्चा दगड. बांधकाम सुकं, म्हणजे चुना नाही सिमेंट नाही, दगडावर दगड आणि मधे चिपा मारलेल्या. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा विहीर काठोकाठ भरली, आठवडाभर मळ्यात पाणी उभं होतं. ओसरल्यावर गाळ काढायचा म्हणून साडेसातची मोटर आणि एक डिझेल इंजिन लावून दीड दिवसात उपसली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर लांब बाजूच्या भिंतीनं पोट काढलेलं. दहा सेंटीमीटर तरी आत आलीय, वरून दहा-अकरा फुटांवर सगळ्यात जास्त. तेव्हापासून तशीच आहे.

आता मी सिव्हिलला एम.टेक. करालोय आणि प्रोजेक्टला हीच विहीर घेतलीय. कॉम्प्युटर मॉडेलसाठी भिंतीचा उभा काप घेतला, टू-डी, प्रत्येक दगड वेगळा ब्लॉक, दगड-दगड आणि दगड-माती सगळीकडं कॉन्टॅक्ट, घर्षण गुणांक ०.६, मातीला मोहर-कुलोम (मातीची ताकद तिच्या चिकटपणावर आणि घर्षणावर ठरवणारा नियम). पेनल्टी स्टिफनेस, म्हणजे कॉन्टॅक्टचा ताठपणा, जेवढा मोठा घालता येईल तेवढा घातला म्हणजे दगडात दगड घुसायला नको. आणि पहिल्याच स्टेपला अडकतंय. पन्नास-पन्नास इटरेशन झाले तरी फोर्स बॅलन्स होत नाही, एक दगड चिकटतो, पुढच्या इटरेशनला घसरतो, परत चिकटतो, असं चालूच. तीन आठवडे झाले. कुणी हे केलंय काय?

उद्यमबाग_वाळू:
मी फौंड्रीत आहे, सिव्हिलचा नाही, पण वाळूच्या साच्यांचं मॉडेलिंग करताना कॉन्टॅक्टशी माझी रोजची गाठ आहे म्हणून लिहितो. तुम्ही जे सांगताय चिकटतो-घसरतो ते कॉन्टॅक्टचं मूळ दुखणंच आहे. बघा, दोन दगडांतली फट शून्य किंवा जास्त, त्यांच्यातला दाब शून्य किंवा जास्त, आणि दोन्ही एकाच वेळी शून्याच्या वर नाहीत. फट आहे तर दाब नाही, दाब आहे तर फट नाही. सिन्योरिनीनं १९३३ मध्ये हा प्रश्न असा मांडला. हे समीकरण नव्हे, ही अट आहे, आणि घर्षण आलं की त्यावर अजून एक अट, आडवा फोर्स म्यू (घर्षण गुणांक) गुणिले दाबापेक्षा कमी असेल तर चिकटून, बरोबर झाला की घसरून. सॉफ्टवेअर ज्या न्यूटनच्या पद्धतीनं उत्तर शोधतं तिला गुळगुळीत उतार लागतो आणि इथं तर कोपरेच कोपरे, त्यामुळं ती एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर उड्या मारत बसते.

पेनल्टी म्हणजे दोन दगडांच्या मधे बसवलेली स्प्रिंग समजा. ढिली ठेवली तर दगडात दगड घुसतो, फार ताठ केली तर मॅट्रिक्सच बिघडतो, म्हणजे काही आकडे डोंगराएवढे आणि काही राईएवढे, सॉल्व्हरला, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या भागाला, दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. किती ठेवायची ते असं काढा. तुमच्या भिंतीत दाब फार तर १०० किलोपास्कलच्या आसपास असेल. तेवढ्या दाबाला मिलिमीटरचा शंभरावा भाग दगड घुसला तर विहिरीला काय फरक पडणार? म्हणजे मीटरमागं एक कोटी किलोपास्कल पुरे. तुम्ही काय घातलंय?

दुसरं म्हणजे सॉल्व्हर सिमेट्रिकवर ठेवलाय काय बघा. घसरताना आडवा फोर्स दाबावर अवलंबून असतो पण दाब काही घसरण्यावर अवलंबून नसतो, नातं एकतर्फी आहे म्हणून मॅट्रिक्स अनसिमेट्रिक होतो. ०.६ सारख्या घर्षणाला सिमेट्रिक सॉल्व्हर लावला तर तो जुळणार नाही, नाहीतर कासवाच्या गतीनं जुळेल. अबॅकससारखं सॉफ्टवेअर गुणांक ०.२ च्या वर गेला की आपणहून अनसिमेट्रिकला जातं, सगळीच जात नाहीत.

एरेमाती:
दादा, मी कोटीच्या पुढं पाच शून्यं जास्त दिली होती. आणि सॉल्व्हर सिमेट्रिकच होता, ते मेन्यूत इतकं आत आहे की कधी उघडलंच नव्हतं. आज रात्री लावून बघतो.

मलप्रभा_काठ:
लावायच्या आधी थांब, दोन गोष्टी अजून. मी खानापूरची, शिक्षण बेळगावातच, आता भिंती आणि पुलांची डिझाईनं करते.

पहिली गोष्ट, ०.६ सगळीकडं कसा? ०.६ म्हणजे एकतीस अंश. बेसाल्टचा खडबडीत दगड दगडावर, ठीक आहे. पण दगडामागं ओली काळी माती आहे तिथं हा आकडा कुठून आणलास? वाळूला भिंतीशी घर्षण फायच्या (तिच्या स्वतःच्या घर्षणकोनाच्या) दोन तृतीयांश धरतात तसं पुस्तकात असतं, ते चिकणमातीला डोळे झाकून लावू नकोस. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट आहे, त्याचे कण पत्र्यासारखे चपटे, एकदा एखाद्या पृष्ठावर घसरण झाली की सगळे एका दिशेला लोळतात आणि मग तिथला कोन दहा अंशांच्याही खाली जाऊ शकतो. दहा अंश म्हणजे ०.१८. स्केम्पटन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात रेसिड्युअल ताकदीचं हेच सांगितलंय, आधी घसरलेली माती परत पहिल्यासारखी धरत नाही. मळ्यातला नमुना काढून डायरेक्ट शिअर टेस्ट (पेटीत माती घालून आडवी कापायची) लाव आणि बॉक्स पुढं-मागं चालवून रेसिड्युअल काढ. आणि डायलेशन कोन फायएवढा दिला असशील तर शून्य कर. नाहीतर मॉडेलमधली माती घसरताना फुगते, दगडांत पाचरीसारखी बसते आणि भिंत आहे त्यापेक्षा भक्कम दिसते.

दुसरी गोष्ट, वजन एकदम लावू नकोस. घर्षण असलेल्या रचनेला एकच एक उत्तर नसतं, दगड कुठल्या क्रमानं बसले त्यावर आतले फोर्स ठरतात. गवंड्यानं जसे थर चढवले तसे मॉडेलमध्ये चढव. एक थर, वजन, मागची भर, मग दुसरा थर. सोळा-सतरा स्टेप होतील, होऊ देत.

एरेमाती:
ताई आणि दादा, जुळलं!! पेनल्टी उतरवली, सॉल्व्हर बदलला, थराथरानं बांधली, दगड-मातीमधलं घर्षण ०.२५ केलं (रेसिड्युअलची टेस्ट चालू आहे, तोवर अंदाज). प्रत्येक स्टेप सहा-सात इटरेशनमध्ये बसते. मग विहिरीतलं पाणी काढलं मॉडेलमध्ये. पण आता वेगळीच अडचण. भिंत आत येते फक्त सहा मिलिमीटर. मळ्यात दहा सेंटीमीटर आलीय. घर्षण ०.१५ केलं तरी नऊ मिलिमीटर. काय चुकतंय?

जुना_ओव्हरसियर:
तुमची चर्चा तीन दिवस वाचतोय. मी कालव्यांवर नोकरी केली, कॉम्प्युटर येत नाही, पण एक विचारतो. मॉडेलमध्ये भिंतीतून पाणी झिरपतंय की नाही? सुक्या दगडाची भिंत चाळणीसारखी असते, मागचं पाणी फटींतून पुढं येतं. तुमच्या विहिरीच्या फटी उघड्या आहेत की कुणी दर्जा भरलाय, म्हणजे फटी बुजवल्यात?

एरेमाती:
काका, तुम्ही हे विचारलं आणि मी आप्पांना फोन केला. २००५ च्या पुरानंतर चिपा निघून पडल्या होत्या म्हणून चुलत्यांनी सगळ्या विहिरीला सिमेंटचा दर्जा भरून घेतला, वरपासून मुरमापर्यंत. पाणी झिरपायला म्हणून कुठं पाईप सोडले नाहीत. मी लहानपणापासून तशीच बघत आलोय त्यामुळं ते मूळचंच वाटायचं. मॉडेलमध्ये मी भिंतीची मागची बाजू ड्रेन्ड ठेवलीय, म्हणजे पाणी निचरून गेलेलं, त्याचा दाब शून्य.

मलप्रभा_काठ:
सापडलं मग. घर्षणाचा गुणांक बदलत बसायचं कारणच नव्हतं. हातानं हिशोब करूया, कॉम्प्युटर बाजूला ठेव. तीन मीटर खोलीवर, म्हणजे पोट आहे तिथंच, पाणी निचरून गेलेलं असेल तर माती भिंतीला ढकलते १८ (घनमीटर मातीचं वजन, किलोन्यूटनमध्ये) गुणिले ३ (खोली) गुणिले ०.४ (उभ्या दाबाचा आडवा वाटा), साधारण २२ किलोपास्कल. आता मागं जमिनीपर्यंत पाणी साचलंय आणि पुढची विहीर रिकामी. मातीचं परिणामी वजन ८ वर येतं कारण बाकीचं पाणी उचलून धरतं, तर मातीचा वाटा ८ गुणिले ३ गुणिले ०.४, दहाच्या आत. पण पाण्याचा वाटा ३ गुणिले ९.८१, जवळजवळ ३०. एकूण ४०, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि त्यातला पाऊण भाग पाणी. चौरस मीटरला तीन टन नुसतं पाणी ढकलतंय. तेर्झागी यांनी शंभर वर्षांपूर्वी परिणामी ताणाचं तत्त्व मांडलं ते हेच, माती कणाकणांतल्या दाबावर टिकते, पाण्यानं तो दाब खाल्ला की घर्षणाला धरायला काही उरत नाही, म्यू कितीही असो.

आणि काळ्या मातीतून हे पाणी दीड दिवसात निघून जाईल असं समजू नकोस. कन्सॉलिडेशनचा गुणांक, म्हणजे मातीतला पाण्याचा दाब किती वेगानं उतरतो त्याचा आकडा, वर्षाला एक चौरस मीटर धरला तर एक मीटर वाटेनं नव्वद टक्के दाब उतरायला दहा महिने लागतात. तुमची मोटर दीड दिवसात मोकळी झाली. बॅक ॲनालिसिस कर, म्हणजे घडलेल्यावरून उलटा हिशोब, मागची बाजू बंद ठेवून, कपल्ड (माती आणि पाणी एकत्र).

मळ्यातला:
मी रायबागकडचा शेतकरी. तुमच्यातलं गणित मला सगळं कळत नाही पण विहिरीचं कळतंय. आमच्यात विहीर कधी एकदम उपसत न्हाईत. आमचे वडील सांगायचे, आतलं पाणी भिंतीला टेकू देतंय, टेकू काढायचा तर हळू काढ. दिवसाला पायरी-दोन पायऱ्या उतरायच्या, रात्री मोटर बंद, सकाळी भिंतीला हात लावून बघायचा ओल कुठवर हाय ती. पूर येऊन गेल्यावर तर आणखी हळू. आनी गोल विहीर आत येत न्हाई सहसा, दगड एकमेकाला दाबून धरतात कमानीगत. चौकोनीची लांब बाजूच येती.

दुसरं एक, उन्हाळ्यात काळी जमीन फाटती, भेगंत हात जातोय कोपरापर्यंत. तवा भिंतीच्या मागं बी फट पडती, मी बघिटलंय, जमीन भिंतीला सोडून मागं सरकती. त्या फटीत वरची माती ढेकळं पडत्यात. मग मिरगाचा पाऊस आला की जमीन फुगती, पण मागची जागा तर भरलेली, मग ती भिंतीलाच ढकलती. दरसाल थोडं थोडं. तुमची भिंत पुरातच आली का आधीपासनं येत होती, घरात जुन्या माणसांना विचारा.

उद्यमबाग_वाळू:
हे वरचं लिहिलंय ना मामांनी, ते मी दोनदा वाचलं. हा रॅचेट आहे, एकाच दिशेनं फिरणारं दातेरी चाक. आकसताना फट पडते, कॉन्टॅक्ट उघडतो, फटीत ढेकळं पडतात, फुगताना परत जायला जागा नसते. दर वर्षी एक दात पुढं आणि मागं येणं नाही, कारण दगड पुढं घसरतो तेव्हा घर्षण ओलांडून जातो पण परत ओढणारं कुणीच नाही, माती ढकलू शकते, ओढू शकत नाही. मॉडेलमध्ये हे आणायचं तर दगड-माती कॉन्टॅक्टला ताण शून्य ठेवावा लागेल आणि मातीला फुगणं-आकसणं द्यावं लागेल. साधा मोहर-कुलोम ते करत नाही, त्याला ओलाव्याची आठवणच नाही. अर्धओल्या मातीसाठी बार्सिलोना मॉडेल आहे, १९९० चं, पण त्याला लागणाऱ्या टेस्ट एम.टेक.च्या वेळात बसतील असं वाटत नाही. तुम्ही मातीला दरवर्षी एक फुगण्याचा स्ट्रेन देऊन दहा-पंधरा आवर्तनं चालवा, एवढ्यानं दिशा कळेल.

थोडं माझ्या कामातलं सांगतो कारण ते इथं लागू आहे. आमच्या साच्याच्या वाळूत आम्ही बेंटोनाइट घालतो आणि बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटच, तुमच्या शेतातलंच खनिज. वाळूचा कण, त्याच्यावर मातीचं पातळ ओलं कवच, पाणी एक टक्का इकडंतिकडं झालं की साचा ढासळतो नाहीतर कास्टिंगला वायूची भोकं पडतात. सुरुवातीला मी कणाकणानं मॉडेल करायला गेलो, कुंडल आणि स्ट्रॅक यांची १९७९ ची डिस्क्रीट एलिमेंट पद्धत. एक लिटर वाळूत अर्ध्या मिलिमीटरचे नव्वद लाख कण निघतात, आणि टाइम स्टेप वस्तुमान भागिले स्टिफनेसच्या वर्गमुळाएवढी बारीक लागते, म्हणजे सेकंदाला वीस-पंचवीस लाख स्टेप. होत नाही. पण तुमच्या भिंतीत दगड किती? कापात चाळीस-पन्नास, प्रत्येकी अर्ध्या क्विंटलचे, तिथं स्टेप हजारपट मोठी चालते. तेव्हा दगड वेगळे ठेवा, माती अखंड ठेवा, तुम्ही मुळात तेच केलंय आणि ते बरोबर आहे.

खंदकाकाठचा:
थोडं अवांतर, पण या धाग्यात बसतं म्हणून. ज्याच्या नावानं आपण घर्षणाचा नियम म्हणतो तो कुलोम फौजेचा इंजिनिअर होता, मार्टिनिक बेटावर किल्ला बांधत आठ वर्षं काढली आणि परत आल्यावर १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढं निबंध वाचला तो मातीच्या दाबाचा आणि भिंतींचाच होता. यंत्रांतल्या घर्षणाचं बक्षीस त्याला नंतर मिळालं, १७८१ मध्ये. म्हणजे माती आणि घर्षण हे दोन विषय आपण आज वेगळ्या सेमिस्टरला शिकतो पण त्या माणसाला ते एकाच भिंतीपाशी भेटले होते. रोज सकाळी बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाकडेनं फिरायला जातो तेव्हा ती भिंत बघताना मला हे आठवतं.

जुना_ओव्हरसियर:
मामांनी फुगणाऱ्या जमिनीचं काढलं म्हणून सांगतो. मलप्रभेचे कालवे काळ्या मातीतून न्यायचे होते तेव्हा अस्तर टिकत नव्हतं, जमीन फुगून फरशा उचलून टाकायची. मुंबईच्या आयआयटीचे प्रा. कट्टी यांनी त्यावर संशोधन केलं. त्यांना दिसलं की काळ्या मातीत वरचा साधारण एक मीटर फुगतो-आकसतो, त्याच्या खालची ओली झाली तरी जागची हलत नाही. मग त्यांनी वरचा मीटर काढून तिथं न फुगणारी चिकट माती घालायची पद्धत काढली, सीएनएस म्हणतात, आणि मलप्रभेच्या उजव्या कालव्यावर ती वापरली. आपल्याकडं अशी माती म्हणजे चांगला लाल मुरूम. तुमची भिंत परत बांधायची वेळ आली तर मागची काळी माती मीटरभर काढून मुरूम भरा, आणि भिंतीला लागून फूटभर दगडाची भर.

मलप्रभा_काठ:
काकांच्या म्हणण्याला माझा पाठिंबा, फक्त लागूनच्या भरीच्या तळाला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर ती भर म्हणजे पाण्याची टाकी. मामांची दिवसाला एक पायरी का चालते तेही इथंच आहे. चिकणमाती आठवड्यात निचरत नाही, पण भेगा आणि दगडाची भर निचरते, वाट उघडी असेल तर रातोरात.

एरेमाती:
सगळं वाचून परत केलं. मागची बाजू बंद, पाणी जमिनीपर्यंत, विहीर दीड दिवसात रिकामी. सव्वातीन मीटरवर दोन थरांच्या मधे घसरण सुरू होते, भिंत चार सेंटीमीटर आत येते आणि तिथून पुढं मॉडेल परत जुळत नाही. आता हे जुळत नाही ते पहिल्यासारखं सॉल्व्हरचं दुखणं आहे की भिंत खरंच पडालीय, हे कसं ओळखायचं? आणि आप्पांना विचारलं. ते म्हणाले २०१९ च्या आधीपासूनच त्या बाजूची उतरायची पायरी विहिरीकडं कललेली होती, दोन-तीन बोटं.

उद्यमबाग_वाळू:
स्टेप दहापट बारीक करा आणि प्रत्येक स्टेपला त्या थराचं सरकणं लिहून काढा. लोड थोडासा वाढतोय आणि सरकणं दर वेळी दुप्पट-तिप्पट होतंय, जाळी (मॉडेलचे बारीक तुकडे) बदलली तरी त्याच थरात आणि त्याच लोडला, तर भिंत पडालीय. स्टेप बारीक केल्यावर अडकायची जागा बदलत असेल, आज तिसरा थर उद्या नववा, तर ते आकड्यांचं भांडण आहे. अजून खात्री हवी असेल तर डायनॅमिक करून (हालचाल वेळेनुसार चालवून) थोडं डॅम्पिंग, म्हणजे हालणं शमवणारा रोध, द्या. पडणारी भिंत पडताना दिसेल, नाहीतर थोडी हलून परत बसेल.

एरेमाती:
तिन्ही जाळ्यांवर तोच थर, तोच लोड. डायनॅमिकमध्ये अकरा सेंटीमीटर आत येऊन थांबली, कारण भिंत सरकल्यावर मागं फट पडते आणि दगडांमागचं पाणी खाली उतरतं. आकडा मळ्यातल्याच्या जवळ आला पण त्याचा फार आनंद मानत नाही, कारण त्यातलं पुराआधीचं दोन-तीन बोटांचं मी मॉडेलमध्ये अजून धरलेलं नाही. ती आवर्तनं आता चालू केलीत.

मळ्यात मात्र वाट बघितली नाही. भिंतीमागं इंची पीव्हीसीचे दोन पाईप उतरवले, तळाला भोकं पाडून कापड गुंडाळून. मामांच्या पद्धतीनं सोमवारी विहीर फक्त एक मीटर उतरवली. चोवीस तासांत पाईपमधलं पाणी पंधरा सेंटीमीटर उतरलं होतं, फक्त पंधरा. बुधवारी गवंडी आला, मुरमाच्या वरच्या दोन थरांतला सिमेंटचा दर्जा फोडला, पाच-पाच फुटांवर. पहिल्या फटीतून काळं पाणी आलं, मग दिवसभर पांढरं. गुरुवारी सकाळी पाईपमधलं पाणी सत्तर सेंटीमीटर खाली. आप्पा पायरीवर बसून ते बघत होते. आता रोज सकाळी पाईप मोजतो, मागचं पाणी पुढच्याच्या हातभर आत आलं तरच मोटर चालू करतो, आकडे आठवड्यानं इथंच टाकतो.